छप्पर आधी जातं

पडक्या जलदुर्गाचं चित्र समोर आलं की पाहणाऱ्याचं मन लगेच निकाल देऊन मोकळं होतं: हे समुद्राचं काम. लाटा चित्रात असतातच. तटाच्या पायथ्याशी त्या फुटत असतात, वर बुरुज ढासळलेला असतो, आणि या दोन गोष्टी एका चौकटीत आल्या की कार्यकारण जोडून द्यायला तिसरा कुणी लागत नाही. मग त्यात काळ मिसळतो. समुद्रापुढे आणि काळापुढे कुणाचं काही चालत नाही, अशी एक उदास आणि थोडी सुखदही समजूत घेऊन आपण चित्रापासून बाजूला होतो.

भिलाईत असं चित्र मी बऱ्याच मराठी घरांत पाहिलं आहे. पोलाद कारखान्यात नोकरी लागली म्हणून विदर्भातून, खानदेशातून, कोकणातून इकडे आलेल्यांची ही घरं. कुणी मालवणच्या सहलीहून आणलेली तसबीर, कुणी कॅलेंडरचं पान चौकटीत बसवलेलं, कुणाच्या मुलीनं खैरागडच्या इंदिरा कला संगीत विश्वविद्यालयात शिकताना जलरंगात केलेलं निसर्गचित्र. सिविक सेंटरच्या नेहरू आर्ट गॅलरीत निसर्गचित्रं लागली की त्यांतही एखादा किनारा, एखादा पडका कोट सापडतो. इथली शिवनाथ महानदीला मिळून पूर्वेच्या समुद्राकडे जाते. घरातल्या भिंतीवरचा समुद्र मात्र पश्चिमेचा असतो. या चित्रावर इथल्या माणसांचा जीव आहे, माझाही आहे. म्हणूनच ते नीट पाहिलं जावं असं वाटतं. नीट पाहिलं, तर समुद्रावर ठेवलेला आरोप टिकत नाही, आणि तो का टिकत नाही याचा पुरावा चित्रातच सापडतो.

त्यासाठी नजर लाटांवरून काढून तटाच्या आत न्यायची. बाहेरचा तट, ज्याच्यावर भरती दिवसातून दोनदा येऊन आदळते, तो बहुतेक चित्रांत उभाच असतो. काळवंडलेला असेल, खालच्या थरांवर शेवाळ असेल, वरच्या चऱ्या इथे तिथे गळालेल्या असतील. पण त्याची रेघ अखंड असते. पडलेलं काय आहे? आतली सदर, वाडा, कोठारं, दरवाज्याजवळच्या देवड्या. जिथे लाटेचा तुषारही क्वचितच पोचतो तिथे सगळ्यात जास्त पडझड, आणि जिथे समुद्र रोज धडक देतो तिथे सगळ्यात कमी. मोडणारा समुद्र असता तर हा हिशेब उलटा दिसला असता. आणखी थोडं वर पाहिलं तर कळतं की आतल्या इमारतींच्या भिंतीसुद्धा पुष्कळदा उभ्या आहेत. गेलं आहे ते छप्पर. वाशांची टोकं बसवण्यासाठी भिंतीत ठेवलेली चौकोनी भोकं ओळीनं दिसतात, वासे नाहीत. किल्ला पडायला लागतो तो वरून आणि आतून.

छप्पर जाणं ही घरातल्या माणसाला कळणारी गोष्ट आहे. कोकणातल्या पावसात कौलं दरवर्षी चाळावी लागतात. फुटलेलं एक कौल वेळेवर बदललं नाही तर पाणी वाशावर येतं, वासा कुजतो, तो वाकला की शेजारची कौलं घसरतात, आणि मग पाणी भिंतीच्या माथ्यात उतरतं. मातीत किंवा चुन्यात बांधलेली भिंत माथ्याकडून प्यायला लागली की तिचं पोट फुगतं. त्या ओल्या माथ्यावर पक्ष्याच्या विष्ठेतून पिंपळाचं किंवा उंबराचं बी पडतं. पुढचं काम मूळ करतं: सांध्यातून उतरतं, जाड होतं आणि चिरे पाचरीनं सुटावेत तसे सुटतात. चित्रात ज्या झाडामुळे तट रमणीय दिसतो ते झाड म्हणजे कुणीतरी वेळेवर न उपटलेलं रोप असतं.

आपल्या पूर्वजांना हे पक्कं ठाऊक होतं. १७१५च्या सुमाराच्या आज्ञापत्रात, जे रामचंद्रपंत अमात्यांच्या नावावर आहे, दुर्गांवर मोठं प्रकरण आहे. त्यात शत्रू कसा रोखावा हे आहे, तसं तटावर उगवणारी झाडं वरचेवर कापावीत, गवत साफ करावं हेही आहे. राज्यकारभारावरच्या ग्रंथात तण काढायची आज्ञा यावी, याचा मला फार आदर वाटतो. तट कुणी पाडायच्या आधी तो कशानं पडतो हे त्या लिहिणाऱ्यानं पाहिलेलं होतं.

समुद्राशी तर आपल्या बांधणाऱ्यांनी किती बारकाईनं बोलणी केली होती ते दोन भिंतींवरून दिसतं. अलिबागच्या किनाऱ्यासमोरचा कुलाबा किल्ला शिवाजी महाराजांच्या अखेरच्या दिवसांत बांधायला घेतला गेला आणि पुढे कान्होजी आंग्र्यांचं ते मुख्य ठाणं झालं. ओहोटीला चालत जाता येतं इतका तो जवळ आहे. त्याच्या तटाचे प्रचंड चिरे एकावर एक नुसते रचलेले आहेत. सांध्यात चुना नाही. पाहणाऱ्याला वाटतं, काम घाईचं झालं असावं. पण लाट आपटते तेव्हा तिचं पाणी त्या फटींमधून आत शिरतं, तिचा जोर वाटला जातो, आणि ती परत जाताना पाणी त्याच वाटेनं निथळून जातं. भिंतीनं समुद्राला आत येऊ दिलं म्हणून समुद्राला भिंत पाडावी लागली नाही.

मुरुडजवळच्या पद्मदुर्गाचं याच्या उलट आहे. सिद्दीच्या जंजिऱ्याला शह म्हणून महाराजांनी कासा बेटावर तो उभारला. तिथे चिरे चुन्यात बसवलेले आहेत. तटाच्या अगदी जवळ जाऊन उभं राहिलं की जे दिसतं ते चित्रांत अभावानंच येतं: दगड झिजून आत गेला आहे आणि चुन्याच्या रेघा जशाच्या तशा बाहेर उभ्या आहेत. प्रत्येक चिऱ्याच्या जागी एक वाटी झाली आहे, आणि त्या वाट्यांभोवती चुन्याची चौकट. बोट फिरवलं तर दगड खरबरीत, दाणेदार लागतो, चुना गुळगुळीत आणि कठीण. खाऱ्या पाण्याची रीतच अशी आहे. ते दगडाच्या छिद्रांत शिरतं, उन्हात सुकतं, आत मिठाचे स्फटिक वाढतात आणि दगडाचा पापुद्रा कण कण सुटतो. म्हणजे समुद्र काहीच करत नाही असं कुणी म्हणू नये. तो साडेतीनशे वर्षं तिथे काम करतो आहे. पण त्याच्या कामाचं माप हे आहे: चिऱ्यात एक वाटी. आणि जो चुना त्याला खाता आला नाही तो बैलांनी ओढलेल्या दगडी चाकाखाली, गोल चरात, घाणीत दळला गेला होता. चुन्याच्या त्या घाण्या कित्येक किल्ल्यांवर आजही दिसतात. चित्रकार त्यांच्याकडे वळत नाहीत, कारण त्या जमिनीलगत असतात आणि क्षितिजावर त्यांची काही आकृती उमटत नाही.

मग मोडलं कुणी? लगेच तोफांचं नाव येईल, आणि त्यासाठी एक चित्र पाहण्यासारखं आहे. डॉमिनिक सेर्स या चित्रकारानं १७७१ मध्ये ‘घेरिया’च्या पाडावाचं तैलचित्र काढलं, ते ग्रीनिचच्या सागरी संग्रहालयात आहे. घेरिया म्हणजे आपला विजयदुर्ग. फेब्रुवारी १७५६ मध्ये इंग्रज नौसेनानी वॉटसनचं आरमार समुद्रातून आणि पेशव्यांची फौज जमिनीवरून तुळाजी आंग्र्यांवर चालून गेली. इंग्रजांच्या बरोबर क्लाइव्हही होता. बंदरात उभ्या असलेल्या आंग्र्यांच्या गलबतांपैकी एकाला तोफगोळ्यानं आग लागली आणि ती पसरत जाऊन सगळं आरमार जळालं. मराठी माणसाला या प्रसंगाचं दुःख आजही आहे, आणि असायलाच हवं, कारण त्या आगीच्या एका बाजूला आपलेच लोक होते. पण या लेखापुरती मला त्यातली दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. एवढ्या भडिमारानंतरही विजयदुर्ग अवशेष झाला नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरात बाणकोटच्या बदल्यात इंग्रजांनी तो पेशव्यांना दिला. पुढे धुळपांच्या हाताखाली तिथे मराठ्यांचं आरमार नांदलं, गलबतं बांधली गेली, डागडुजी होत राहिली. तोफेनं पाडलेला तट माणसं पुन्हा बांधतात, तट हवा असेल तर.

विजयदुर्ग पडका व्हायला लागला तो १८१८ नंतर, जेव्हा त्याच्यावर कुणी गोळा टाकत नव्हतं. हे मला सगळ्यात विचार करायला लावणारं वाटतं. पेशवाई संपली, किल्ल्यावरची माणसं घरी गेली, त्यांचे पगार थांबले. हवालदार नाही, सबनीस नाही, कारखानीस नाही. मग कौलं कोण चाळणार, तटावरची रोपं कोण उपटणार? समुद्र कालही तोच होता. पाऊसही तोच होता. गेले ते हात.

आणि हात नुसते गेले नाहीत, काही ठिकाणी ते न्यायला परत आले. आंग्र्यांचं संस्थान १८४०च्या दशकात खालसा झाल्यावर कुलाबा किल्ल्यातल्या वाड्यांचं लाकूड लिलावात गेलं आणि दगड अलिबागच्या पाणीपुरवठ्याच्या बांधकामाला लागले. कुलाब्याच्या चित्रात तटाच्या आत जी रिकामी जागा दिसते, त्यातली पुष्कळशी अशा व्यवहारांची आहे. वसईतही तसंच. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेनं सुरुंग लावून बुरुज उडवला, किल्ला घेतला, हा पराक्रम आपण अभिमानानं सांगतो आणि तो तसाच सांगावा. पण वसईच्या चर्चांच्या रिकाम्या मनोऱ्यांकडे पाहताना हेही आठवावं की तिथल्या घंटा समुद्रात पडल्या नाहीत. त्या नाशिकला नारोशंकराच्या देवळात आहेत, भीमाशंकरला आहेत, आणखी कितीतरी गावांत आहेत, आणि आजही वाजतात. बिनछपराच्या त्या प्रार्थनामंदिरांचं चित्र काढणारा बहुतेक वेळा आकाश फार सुंदर रंगवतो. ते आकाश तिथे आत कसं शिरलं, हा प्रश्न चित्रात राहत नाही.

राहत नाही, याला एक परंपरा आहे, आणि ती आपल्याकडे बाहेरून आली. मराठी भिंतीवर पूर्वी चित्रं होती. देवदेवता, रामायण, दरबार, मिरवणुका. जुन्या नकाशांत किल्ला काढला जाई तेव्हा दरवाजे, बुरुज, तळी, देवळं यांसकट नांदता काढला जाई, कारण तो कामाचा होता. पडक्या वास्तूत सौंदर्य पाहावं ही आवड अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमध्ये बहरली. विल्यम गिल्पिन नावाचा पाद्री तिचा मोठा प्रवक्ता. वाय नदीच्या काठावरचा टिंटर्नचा उद्ध्वस्त मठ पाहून त्यानं १७८२ मध्ये छापलेल्या पुस्तकात असं सुचवलं की या भिंतींचे त्रिकोणी माथे जरा जास्तच सरळ आहेत, विचारपूर्वक हातोडा चालवला तर चित्र सुधारेल. चालवायचं धाडस कोण करील, असंही त्यानंच पुढे म्हटलं. त्याच्या प्रामाणिकपणाचं मला कौतुक वाटतं. अवशेषाची आवड कुठवर जाते ते त्यानं लपवलं नाही.

हीच नजर घेऊन थॉमस आणि विल्यम डॅनियल हे काका-पुतणे १७८६ मध्ये भारतात आले आणि देशभर फिरले. पुढे १८५७ मध्ये मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्ट सुरू झालं, जलरंगातलं निसर्गचित्र आपल्या विद्यार्थ्यांच्या हातात बसलं, आणि महाराष्ट्रानं त्यात मोठी माणसं दिली. त्या परंपरेबद्दल मला तक्रार नाही. तिच्यामुळेच भिलाईच्या घरात आज समुद्र आहे. मात्र हातात बसलेल्या तंत्राबरोबर नजरही आली, हे ओळखायला हवं. शिवाय पडका किल्ला जलरंगाला सोयीचाही पडतो. सरळ तट आणि नेमका कोन साधायला यथादर्शन पक्कं लागतं. ढासळलेली कड चूक पोटात घेते. कोरडा ब्रश खरबरीत कागदावरून ओढला की दगड झाला, ओल्या कागदावर निळा रंग सोडला की पाणी झालं, दगडाच्या तांबूस छटेशेजारी ते पाणी आणखी निळं दिसतं. हाताला जे इतकं छान जमतं ते मनाला खरं वाटू लागतं.

या प्रकारातलं माझ्या मते सर्वांत थोर चित्र जॉन कॉन्स्टेबलचं आहे. टेम्सच्या मुखाशी एसेक्समध्ये हॅडली नावाचा किल्ला आहे. कॉन्स्टेबलनं तो १८१४ मध्ये पाहिला होता, पेन्सिलीनं टिपून ठेवला होता. १८२८च्या नोव्हेंबरात त्याची पत्नी मारिया क्षयानं गेली, आणि पुढच्या वर्षी त्यानं तो जुना किल्ला मोठ्या कॅनव्हासवर घेतला. वादळी रात्रीनंतरची सकाळ, असं त्याच्या शीर्षकातच आहे. दोन फुटके मनोरे, एकाला वरपासून खालपर्यंत भेग, पक्षी, खाली एक मेंढपाळ आणि त्याचा कुत्रा, पलीकडे खाडीवर सांडलेला उजेड. तयार चित्र अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात आहे. त्याच आकाराचा कच्चा आराखडा लंडनच्या टेट संग्रहालयात आहे. आराखड्यातले फटकारे इतके जाड आणि जखमी आहेत की दगड आणि ढग एकाच मातीचे वाटतात. तिथे मोडणारा कोण हे विचारावंसं वाटत नाही. तो माणूस आपलं घर रंगवत होता.

तरीही हॅडलीच्या दगडांची हकीकत वेगळी आहे. तेराव्या शतकात ह्यूबर्ट द बर्गनं तो किल्ला चिकणमातीच्या टेकडीवर बांधला. टेकडी पुढे घसरत राहिली हे खरं. पण त्याआधी, १५५१ मध्ये, राजघराण्यानं किल्ला लॉर्ड रिचला विकला, आणि त्यानं तो दगडासाठी पाडायला काढला. म्हणजे कॉन्स्टेबलसमोर जे उभं होतं ते वादळानं सोडलेलं कमी आणि गिऱ्हाइकानं सोडलेलं जास्त होतं. एसेक्स आणि अलिबाग यांच्यामध्ये एवढं अंतर, पण हकीकत सारखी आहे: आधी उपयोग संपतो, मग मालक बदलतो, मग साहित्याचा भाव ठरतो. समुद्र शेजारी असतो म्हणून त्याचं नाव होतं.

समुद्र नसलेल्या जागी हे तपासून पाहता येतं. भिलाईला लागून असलेल्या दुर्ग शहरात मातीचा जुना कोट होता. १७४१च्या सुमाराला नागपूरकर भोसल्यांची फौज छत्तीसगडात उतरली तेव्हा मराठ्यांनी तिथूनच मोहीम चालवली. आपल्या इतिहासातलं हे एक महत्त्वाचं ठाणं. पण त्याचं चित्र मी कुठल्या घरात पाहिलेलं नाही. मातीच्या कोटाकडचे हात गेले की तो पावसाळ्यागणिक बसत जातो, उतार होतो, मग शेत किंवा वस्ती होते. त्याला अवशेषाची अवस्थाच मिळत नाही. जलदुर्गाला ती मिळाली, कारण त्याचा दगड आणि चुना समुद्राशी टक्कर द्यायला निवडलेला होता. ज्या समुद्राला आपण चित्रात दोष देतो, त्याच्याच धाकानं तो तट इतका जाड बांधला गेला की हात गेल्यावरही दोनशे वर्षं तो उभा राहू शकला.

भिलाईतल्या माणसाला हे समजायला वेळ लागू नये, असं मला मनापासून वाटतं. या गावाचं सगळं आयुष्य देखभालीवर चाललेलं आहे. ४ फेब्रुवारी १९५९ ला राष्ट्रपती राजेंद्र प्रसादांच्या हस्ते इथल्या पहिल्या ब्लास्ट फर्नेसचं उद्घाटन झालं, त्याला आता पासष्टहून अधिक वर्षं झाली. भट्टी इतकी वर्षं टिकते ती काही आपोआप नाही. तिच्या आतलं उष्णतारोधक विटांचं अस्तर वितळलेल्या लोखंडानं झिजत राहतं. ठरावीक काळानं भट्टी थंड करून ते सगळं काढून नवं बसवावं लागतं. इथे त्याला कॅपिटल रिपेअर म्हणतात, आणि ज्या घरात कुणी त्या कामावर असतं त्या घराचं वेळापत्रक तेवढे दिवस बदलून जातं. इथलं पोलाद समुद्रावरही गेलं आहे. २ सप्टेंबर २०२२ ला नौदलात दाखल झालेल्या ‘आयएनएस विक्रांत’च्या पोलादात भिलाईचा वाटा आहे. ती नौका ज्या खाऱ्या पाण्यात उभी आहे त्याच पाण्याला लागून विजयदुर्ग आहे. नौका खरवडली जाते, रंगवली जाते, गोदीत घेतली जाते. तो क्रम एक दशक थांबला तर काय होईल ते इथला कुठलाही फिटर सांगेल, आणि तो समुद्राला दोष देणार नाही.

उलट उदाहरणही गावातच आहे. माणसं निवृत्त होऊन मुलांकडे किंवा गावी गेली आणि एखादं क्वार्टर दोन-तीन पावसाळे बंद राहिलं की जाऊन पाहावं. पहिलं चिन्ह गच्चीच्या पन्हळीशी दिसतं. तिथे पानं अडकतात, पाणी तुंबतं, आणि त्या ओलीत पिंपळाचं एक रोप येतं, दोन पानांचं, तांबूस, अगदी गोजिरं. त्या दिवशी ते चिमटीत धरून उपटता येतं. पुढच्या पावसाळ्यात खुरपं लागतं. त्यानंतर भिंत फोडल्याशिवाय ते निघत नाही. रस्त्यानं जाणारा माणूस म्हणतो, किती जुनं झालं घर. शेजारचं, त्याच वर्षी बांधलेलं आणि राहतं असलेलं घर मात्र जुनं दिसत नाही. दोघांवर पाऊस सारखाच पडला.

म्हणून पडक्या जलदुर्गाचं चित्र काढू नये, असं मी म्हणणार नाही. काढावंच. फक्त काढणाऱ्यानं किनाऱ्यावरून न काढता आत जावं, आणि हात गेल्याच्या खुणा कागदावर आणाव्यात. वाशांची रिकामी भोकं ओळीनं दिसू द्यावीत. झाडाचं मूळ कुठल्या सांध्यातून उतरलं ते दाखवावं. घाणीचा गोल चर आणि त्यात तुटून पडलेलं दगडी चाक हा चित्राचा पुढचा भाग होऊ शकतो. पद्मदुर्गाच्या तटाचा नुसता हातभर तुकडा, झिजलेले चिरे आणि बाहेर राहिलेला चुना, एवढंच कुणी मन लावून रंगवलं तरी समुद्र आणि माणूस यांच्यातला सगळा व्यवहार त्यात येईल. गो. नी. दांडेकरांनी आयुष्यभर किल्ले पायी पाहिले, त्यांची छायाचित्रं घेतली, त्यांच्यावर लिहिलं. दुर्गाचं प्रेम जवळ जाऊन करायचं असतं, हे मराठी वाचकाला त्यांनी शिकवलेलं आहे. चित्रकारानं तेवढं जवळ जायला हरकत नाही.

सिंधुदुर्गात हे फार स्पष्ट दिसतं. मालवणच्या धक्क्यावरून होडीत बसलं की समोरचा किल्ला चित्रातल्यासारखा येतो: लांबच लांब तट, माथ्यावर माड, खाली फेस. २५ नोव्हेंबर १६६४ ला कुरटे बेटावर काम सुरू झालं, पायाचे दगड शिसं ओतून बसवले, तीन वर्षांत किल्ला उभा राहिला. आत गेल्यावर बरंच काही पडलेलं आहे. पण शिवराजेश्वराच्या देवळात रोज पूजा होते, दूधबाव, साखरबाव आणि दहीबाव या विहिरींना गोडं पाणी आहे, आणि काही कुटुंबं आजही तिथे राहतात. त्यांच्या घरांवर कौलं आहेत, दारात दोरीवर कपडे वाळत असतात. निसर्गचित्रं काढणारे हा भाग बहुधा गाळतात, किल्ल्याचं जुनेपण बिघडतं म्हणून. मला वाटतं, गाळू नये. सबंध बेटावर छप्पर जिथे शाबूत आहे ती जागा हीच.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोनं मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा यादीत घेतलं. त्यांत खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे चार समुद्रातले किंवा समुद्रकाठचे. आता तिथे दुरुस्तीची कामं होत राहतील, आणि ती नीट व्हायची तर सिमेंट दूर ठेवून चुन्यातच व्हायला हवीत. नवा चुना पांढरा दिसतो. काळ्या तटावर तो पट्टा काही पावसाळे उपरा वाटेल, छायाचित्रं काढणारे त्याला चुकवून उभे राहतील, आणि जलरंगात तर त्यासाठी कागद कोरा सोडावा लागेल. माझ्या घरच्या चित्रात तो कोरा पट्टा असावा असं मला फार वाटतं. खैरागडला आत्ता कुणी शिकत असेल आणि सुट्टीत कोकणात जाणार असेल, तर त्यानं तो दुरून चुकवू नये; होडीतून उतरून, परवानगी घेऊन, गवंड्याच्या परातीशेजारी बसून काढावा.